भोकं पाडून मिळणारा ब्रायरचा ठोकळा: घरी पाईप घडवायला कसा आहे?

तंबाखू ओढायचा पाईप घडवताना ठोकळा वाया जातो तो बहुधा भोकं पाडताना. तंबाखू भरायच्या वाटीचं भोक साधारण 20 मिमी, धुराची वाट 4 मिमी, आणि ही वाट वाटीच्या अगदी तळाशी, मधोमध उघडायला हवी. जरा वर उघडली की तळाचा तंबाखू ओला राहतो आणि पाईप सारखा विझतो. हे काम आधीच करून, मुखनळी बसवून येणारा ब्रायर या लाकडाचा इटालियन ठोकळा नवशिक्याने जरूर घ्यावा.

भोकांना पैकीच्या पैकी गुण. पाईप क्लीनर (नळी साफ करायची केसाळ तार) नळीतून सारला की न अडखळता तळाशी निघतो. लाकूडही नीट मुरलेलं आहे. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाची बुंध्यातली गाठ. ती तासन्‌तास उकळून तिच्यातला रस काढतात, मग महिनोन्‌महिने सुकवतात. नाशिकच्या वखारीत सागवान, शिसव सहज मिळतं, पण इथे ते वापरू नका. सागवानातलं तेल तापलं की चवीत उतरतं आणि शिसवाचा भुसा अनेकांच्या त्वचेला, श्वासाला बाधतो. ब्रायर घासतानाही मास्क हवाच.

कमकुवत बाजू आहे सांध्याची. नळीचं कुसू, म्हणजे पाईपच्या लाकडी दांड्यात शिरणारं तिचं बारीक टोक, फार घट्ट येतं आणि पावसाळ्याच्या दमट हवेत आणखी आवळतं. तेव्हा लगेच पॉलिश पेपर मारून ते बारीक केलं, तर थंडीत हवा कोरडी झाल्यावर नळी ढिली पडते. त्याऐवजी कुस्यावर 6बी पेन्सिलीचं शिसं चोळा आणि नळी फिरवतच आत घाला. गरम पाईपची नळी कधीच काढू नका, दांडा चिरतो.

आकार देण्याआधी दोन्ही भोकांच्या रेषा ठोकळ्यावर बाहेरून आखून घ्या. वाटीची भिंत सगळीकडून किमान 6 मिमी राहिली पाहिजे. आधी जाड कानस, मग 120, 220, 400, 600 नंबरचा पेपर. 220 नंतर ओलं फडकं फिरवायचं, उठलेले तंतू सुकले की पुन्हा घासायचं. दांडा घासताना नळी लावलेलीच ठेवा. काढून घासला तर दांड्याची कड गोल होते आणि सांध्यात फट दिसते, ती नंतर भरून निघत नाही. घासता घासता बारीक खड्डे उघडे पडतात. ब्रायरमध्ये ते असायचेच, त्यात दुकानदाराचा दोष नाही. लुगदी भरण्यापेक्षा तेवढा भाग खरबरीत कोरलेला शोभून दिसतो.

रंग स्पिरिटमधला, तोही पातळ. शेवटी कापडी चाकावर कार्नोबा मेण. फर्निचरवाल्याकडून मेलामाइनचं चकचकीत पॉलिश मारून घेऊ नका, वाटी तापली की त्याला फोड येतात. वाटीच्या आत तर रंग, मेण काहीच लावायचं नाही.

पहिल्यांदा घेताना सरळ नळीचा ठोकळाच मागवा. वाकडी नळी तापवून वळवताना आतली वाट चेपते, आणि मग क्लीनर जात नाही.