बेसिन की बाटली? वॉर्डसाठी निवड करताना

वॉर्डात आणखी एक बेसिन बसवायचं की प्रत्येक खाटेपाशी हॅण्डरब (पाण्याशिवाय हातावर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण) ठेवायचा, असा पेच असेल तर आधी हॅण्डरब ठेवा. साबण वाईट म्हणून नव्हे, तर माणसं चालायचा कंटाळा करतात म्हणून.

साबणाने नीट हात धुऊन पुसायला 40 ते 60 सेकंद लागतात, हॅण्डरब चोळायला 20 ते 30. वर बेसिनपर्यंतची ये-जा. एका रुग्णाचं ड्रेसिंग संपतंय तोवर शेजारच्याचं सलाईन संपलेलं असतं. अशा वेळी व्हरांड्याच्या टोकाला कोण जातं? हाताशी असलेली बाटली मात्र दाबली जाते.

नेहमीच्या जिवाणूंवरही हॅण्डरबच सरस. अल्कोहोल साधारण 60 ते 80 टक्के हवं. ‘शंभर टक्के’ म्हणजे जास्त जालीम, हा गैरसमज; प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच. हाताला झोंबतो अशी तक्रार हमखास येते, पण बऱ्याचदा कातडी आधीच साबणाने फुटलेली असते. ग्लिसरीन असलेला हॅण्डरब घेतला की त्रास कमी होतो.

मग बेसिन कशाला? हाताला रक्त किंवा घाण दिसत असेल तर हॅण्डरब कामाचा नाही. त्याहून महत्त्वाचे जुलाबाचे रुग्ण. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू (त्याची कठीण कवचातली सुप्त रूपं) अल्कोहोलला दाद देत नाहीत. साबणही त्यांना मारत नाही, पण चोळून सोडवतो आणि पाणी वाहून नेतं. नोरोव्हायरस या उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूची साथ असेल तरी हात धुवावेच लागतात. म्हणून असे रुग्ण जिथे ठेवता, तिथे बेसिन जवळ हवंच.

ग्लोव्हज हा तिसरा पर्याय नव्हेच. ते काढताना मनगटाला बाहेरची बाजू लागते, बारीक छिद्रंही असू शकतात. काढल्यावर हात स्वच्छ करायचेच. त्याच ग्लोव्हजनी आधी जखम, मग पडदा, मग फोन, हे तर सर्रास दिसतं.

काहीही निवडा, अंगठा आणि बोटांची टोकं सुटतात. तळहातावर तळहात सगळेच घासतात; अंगठा मुठीत धरून फिरवणारे थोडे.

खरेदीची यादी करताना एवढं बघा: द्रवसाबणाची बाटली अर्धी झाली की वरून भरायची पद्धत असेल, तर ती बंद करा. जुन्या साबणात जंतू वाढतात आणि नव्यातही उतरतात.