स्केलेटन डायग्रामसाठी जिओजेब्रा: काही महिन्यांच्या वापरानंतर

मी डिप्लोमाच्या मुलांना थिअरी ऑफ मशिन्स शिकवतो. यंत्राचा आकार, जाडी, नटबोल्ट सगळं बाजूला ठेवून फक्त लिंक (दांड्यासारखे ताठ भाग) आणि जॉइंट (त्यांचे सांधे) दाखवणारी आकृती, म्हणजे स्केलेटन डायग्राम, काढायला गेले काही महिने जिओजेब्रा क्लासिक हे भूमितीच्या आकृत्यांचं सॉफ्टवेअर वापरतोय. त्याआधी फळा आणि ड्रॉइंग शीट होतीच, मध्ये ऑटोकॅडही वापरून पाहिलं. तिथे रेघांची आकृती देखणी येते, पण कागदावरच्या रेघेसारखीच ती गप्प असते. जॉइंट चुकला तरी कळत नाही. जिओजेब्रात जॉइंट चुकला की आकृती हलत नाही, नाहीतर भलतीकडेच जाते. मला हवं होतं ते नेमकं हेच.

पद्धत साधी आहे. लिंकची लांबी कायम राहायला हवी, म्हणून एका पिनभोवती (लिंक जिथे फिरती जोडलेली असते तो बिंदू) तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. दुसऱ्या लिंकचं वर्तुळ काढलं की दोन्ही जिथे छेदतात तिथे पुढची पिन. क्रँकचा, म्हणजे गोल फिरणाऱ्या लिंकचा, कोन स्लायडरला (पडद्यावरची सरकवायची पट्टी) जोडायचा, वर्तुळं लपवायची आणि अ‍ॅनिमेशन सुरू करायचं.

वर्गात सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पायडलच्या शिलाई मशीनचा. पायडल, उभा दांडा, चाकावरचा क्रँक आणि स्टँड मिळून हा फोर-बार, म्हणजे चार लिंकची यंत्रणा, होतो. आम्ही मापं धरली ती अशी: क्रँक 35 मिमी, दांडा 330, पायडल 120 आणि दोन स्थिर पिनांमधलं अंतर 345. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या लिंकची बेरीज 380, उरलेल्या दोघींची 450. पहिली बेरीज दुसरीपेक्षा कमी, म्हणजे ग्रॅशॉफची अट पाळली जाते आणि क्रँक पूर्ण फिरतो. क्रँकने चालवलं की पायडल सुमारे 56 ते 90 अंशांत डोलताना दिसतं.

खरी गंमत पुढे आहे. शिंपी चाक फिरवत नाही, पायडल दाबतो. म्हणून स्लायडर पायडलच्या कोनाला जोडला. 56च्या खाली किंवा 90च्या वर नेला की क्रँकची पिन आणि दांडा गायब, कारण वर्तुळं एकमेकांना भेटतच नाहीत. आणि बरोबर टोकाला दोन छेदबिंदू एकमेकांत मिसळतात. हेच डेड सेंटर. तिथून चाक पुढे जाईल की उलटं फिरेल हे नुसत्या पायडलवरून ठरत नाही. सॉफ्टवेअरही एका छेदबिंदूवरून दुसऱ्यावर आपोआप जात नाही. प्रत्यक्षात ते काम चाकाचा वेग करतो, आणि सुरुवातीला चाकाला हाताने हिसका द्यावा लागतो तो त्यासाठीच. मुलांना हे तोंडाने सांगून जितकं पटत नव्हतं तितकं एका स्लायडरने पटलं.

धातू कापणाऱ्या शेपिंग मशीनचं क्विक रिटर्नही (कापताना हळू, परतताना वेगाने जाणारी यंत्रणा) छान होतं. क्रँक 100 मिमी आणि दोन केंद्रांतलं अंतर 200 घेतलं की स्लॉटेड लिव्हर (खाच असलेला दांडा) मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना 30 अंश झुकतो. कटिंगला क्रँकचे 240 अंश लागतात, परतीला 120. गुणोत्तर 2:1. लिंक 6 (त्यातली एक स्थिर), जॉइंट 7, म्हणून डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे स्वतंत्र हालचालींची संख्या, 3×5 − 2×7 = 1, आणि पडद्यावरही एकाच स्लायडरने सगळं चालतं.

आता उणिवा. 2001 मध्ये सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर मुळात गणित शिकवण्यासाठी आहे, त्यामुळे जॉइंटची चिन्हं तयार मिळत नाहीत. आयएसओ 3952 या आंतरराष्ट्रीय मानकात चिन्हं ठरलेली आहेत, पण इथे प्रत्येक पिन म्हणजे एक ठिपका. लिव्हर पिनवरून अखंड पुढे जातोय की तिथे दोन वेगळ्या लिंक जोडल्यात, हे ठिपक्यावरून कळत नाही, आणि सगळा हिशेब तर त्यावरच चालतो. एका पिनवर तीन लिंक आल्या तर तो जॉइंट दोन धरायचा, हेही आकृती सांगत नाही. जमिनीला पक्क्या केलेल्या पिनसाठी त्रिकोण आणि खालच्या तिरप्या रेघा यांचं कस्टम टूल मी बनवून ठेवलंय. छापायची आकृती असेल तर एसव्हीजी फाइल काढून इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चिन्हं बसवतो. त्यात बराच वेळ जातो.

कॅम (उंचसखल कडेचं चाक) आणि गिअरसाठी मात्र याच्या वाटेला जाऊ नका. गिअरचं गुणोत्तर कोनांच्या सूत्रात लिहून चाकं फिरवता येतात, पण दाते नसलेल्या नुसत्या वर्तुळांतून नवख्याला काहीच बोध होत नाही. फोर-बार, स्लायडर-क्रँक (क्रँकने सरळ रेषेत सरकणारा भाग चालवणारी यंत्रणा) आणि त्यांचे प्रकार शिकवणाऱ्याने मात्र हे नक्की वापरावं. फोनवर नुसतं पाहायला चालतं. आकृती बांधायची तर लॅपटॉपच हवा, कारण बोटाने नेमका छेदबिंदू पकडताना फार वैताग येतो. आणि प्रत्येक पिनला पहिल्यापासून नाव द्या. ए, बी, सी असं आपोआप पडत गेलेलं नाव सहा लिंकच्या आकृतीत कुणालाच आठवत नाही.