आकार आणि चालीचे हाऊस रूल: पावसाळाभर वापरल्यानंतर

लार्ज, म्हणजे मोठ्या जीवाच्या, टोकनच्या एका कोपऱ्यावर टिकली चिकटवायची, हा नियम काहीही झाले तरी सोडू नका. बाकीच्या हाऊस रूलपैकी, म्हणजे आमच्या टेबलाने पुस्तकाबाहेर ठरवलेल्या नियमांपैकी, काही टिकले, काही मोडीत काढले, आणि तिरक्या चालीबद्दलचे मत मधेच बदलले. खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रे घेऊन टेबलावर खेळायचा कल्पित साहसाचा खेळ, त्याची पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तके, पुढे २०२४ चे प्लेअर्स हँडबुक. एक इंचाचे घर, एक घर म्हणजे पाच फूट. आकारांचे कोष्टक थोडक्यात: टायनी सगळ्यांत लहान, मीडियम (माणूस) एक घर, लार्ज २ बाय २, ह्यूज ३ बाय ३, गार्गँचुअन ४ बाय ४. लिहायचे निमित्त म्हणजे फ्लेक्सची मॅट, म्हणजे घरे छापलेला खेळाचा पट, पुन्हा छापावी लागली, आणि नवा खर्च करण्याआधी त्या मॅटवर चालणारे नियमही एकदा चाळून घेतले.

आधी टिकली. ओगर हा राक्षस लार्ज, म्हणजे २ बाय २ घरे, वेग ४० फूट, म्हणजे आठ घरे. बोट ठेवून पुढच्या कडेपासून आठ घरे मोजली जातात, आणि मग टोकन उचलून त्या आठव्या घरावर त्याची मागची कड टेकवली जाते. ओगर नऊ घरे चालला. ह्यूज टोकनच्या बाबतीत हीच गफलत दोन घरांची, गार्गँचुअनच्या बाबतीत तीन घरांची. म्हणजे प्राचीन ड्रॅगनला दर चालीला १५ फूट फुकट. कोणी मुद्दाम करत नाही, पण बाण मारून मागे सरकणाऱ्या खेळाडूचा सगळा हिशेब याच १५ फुटांवर असतो. वळणावर आणखी बिघडते, कारण वळल्यावर "पुढची कड" बदलते आणि मोजणारा नव्या कडेपासून मोजू लागतो.

उपाय असा. टोकनच्या एकाच कोपऱ्याच्या घरावर लाल टिकली. मॅटच्याही एका कोपऱ्यावर तशीच टिकली. टोकनची टिकली कायम मॅटच्या टिकलीच्या दिशेला राहिली पाहिजे, म्हणजे टोकन फिरवायचेच नाही, फक्त सरकवायचे. मोजायचे ते टिकलीचे घर. टोकन फिरत नसल्यामुळे त्याची चारही घरे तेवढीच सरकतात, त्यामुळे एक घर मोजले की सगळे मोजून झाले. ह्यूज आणि गार्गँचुअनलाही हेच लागू. मिनीचे, म्हणजे छोट्या मूर्तीचे, तोंड कुठे आहे याला पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांत काही अर्थ नाही, त्यामुळे ओगर पाठमोरा चालताना दिसला तरी बिघडत नाही. ज्यांना ते खटकते त्यांनी मिनी बेसवर फिरती ठेवावी आणि टिकली बेसवर लावावी. टिकल्यांचे पाकीट दादरला स्टेशनबाहेर कुठेही मिळते. पावसाळ्यात त्यांचा गोंद सुटतो, म्हणून वर नेलपॉलिशचा एक थेंब द्यावा.

या टिकलीने आणखी दोन भांडणे मिटली. पहिले एन्लार्ज या आकार वाढवणाऱ्या मंत्राचे. मीडियम योद्धा लार्ज झाला की तो कुठल्या बाजूला वाढतो? आमच्याकडे नियम असा की मूळ घर नव्या चार घरांपैकी एक असलेच पाहिजे, बाकी तीन खेळाडूने निवडावीत, पण तिथे कोणी उभे असेल तर ढकलता येणार नाही. जागाच नसेल तर २०१४ च्या पुस्तकातल्या मंत्राच्या मजकुरातच उत्तर आहे: मिळेल तेवढ्या जागेत मावेल तेवढाच आकार. टिकली निवड झाल्यावर लावायची. दुसरे भांडण अवघड जमिनीचे. दगडगोट्यांच्या घरात प्रत्येक फुटाला एक फूट जादा, हे ठीक. पण २ बाय २ चा अर्धा भाग दगडात आणि अर्धा फरशीवर असेल तर? एकही घर दगडात असले की दंड, असा नियम आधी होता. त्याने हत्ती कायम रांगत चालायचा. आता नव्याने व्यापलेल्या घरांपैकी निम्म्याहून जास्त घरे अवघड असतील तरच दंड. लार्ज सरळ चालला की दोन नवी घरे, तेव्हा दोन्ही अवघड हवीत. तिरका चालला की तीन नवी, त्यात दोन. ह्यूज सरळ तीनपैकी दोन, तिरका पाचपैकी तीन. गार्गँचुअन सरळ चारपैकी तीन, तिरका सातपैकी चार. मोठ्या जीवाचा थोडा फायदा होतो, आणि तो व्हायलाच हवा.

घोडा चौकोनी कसा, हा वाद इथे येतोच. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत घोड्याची जागा ५ बाय १० फूट होती, २००३ च्या ३.५ मध्ये ती १० बाय १० झाली आणि तशीच राहिली. लांबट टोकन परत आणावे, असा आग्रह आमच्याकडेही होता. आणू नये. लांबट टोकन आले की ते फिरवावे लागते, फिरवायला किती फूट लागतात हे ठरवावे लागते, टोकाचे घर फिरताना कोणाच्या आवाक्यातून बाहेर पडले का हे पाहावे लागते, आणि टिकलीचा सगळा सोपेपणा जातो. २ बाय २ ही घोड्याची लढताना अडवलेली जागा आहे, त्याचे अंग मोजलेले नाही.

वेगाचा हाऊस रूल पूर्ण काढून टाकला. "लार्जला १० फूट जादा, ह्यूजला २०", असा तो होता आणि मुंबईतल्या बऱ्याच टेबलांवर तो ऐकायला मिळतो. लांब पाय म्हणजे जास्त वेग, हे खरेच आहे. पण चालण्याचा वेग पायाच्या लांबीच्या वर्गमुळाने वाढतो. दुप्पट उंचीला १.४१ पट वेग. माणूस ३० फूट चालतो. सुमारे दहा फुटी ओगर वर्गमुळाच्या हिशेबाने ३८-३९ फूट चालेल, आणि पुस्तकात त्याला ४० दिले आहेत. म्हणजे आकार वेगात आधीच धरलेला आहे. वरून पुन्हा १० फूट दिले की तोच फायदा दोनदा मिळतो. ह्यूज हिल जायंट ४० वरून ६० वर गेला की तो रायडिंग हॉर्सच्या बरोबरीला येतो, आणि डॅश (दुप्पट धाव) केल्यावर १२० फूट. घोड्यावरून पळण्याचा पर्यायच संपतो. शिवाय हिल जायंटचा आवाका १० फूट: ३ बाय ३ चा जीव, त्याच्याभोवती ४० घरे त्याच्या माऱ्यात. मीडियम योद्ध्याच्या माऱ्यात आठ असतात. एवढी घरे अडवणाऱ्याला जादा वेग देण्याची गरज नाही.

एकच अपवाद ठेवला. एन्लार्ज झालेल्याला १० फूट जादा, त्याच मंत्राने रिड्यूस, म्हणजे लहान, झालेल्याला १० कमी. २०१४ च्या पुस्तकात हा बदल नाही, पण तिथे उंचीच दुप्पट किंवा निम्मी होते, त्यामुळे ३० चे ४२ किंवा २१ होणे बरोबर बसते. २०२४ च्या गोलायथ वंशाच्या पात्राला लार्ज रूप घेतल्यावर मिळणारे १० फूट याच्याशी जुळतात. शत्रूवर रिड्यूस टाकणे यामुळे जरा बलवान होते, पण त्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (टाळण्यासाठी काटकपणाचा फासा) आहे आणि मंत्र टाकणाऱ्याला कॉन्सन्ट्रेशनही (सतत लक्ष) लागते, तेव्हा चालते.

तिरकी चाल. मूळ नियमाने तिरके घरही पाच फूट, म्हणजे ३० फूट वेगाचा माणूस तिरका ४२ फूट जातो. ५-१०-५ ने, म्हणजे पहिले तिरके घर पाच फूट, दुसरे दहा, तिसरे पुन्हा पाच असे मोजले की, तो चार तिरकी घरे, म्हणजे २८ फूट जातो. दुसरे जास्त खरे. पण सुरुवातीच्या आठवड्यांत ५-१०-५ ने टेबल एवढे मंद केले की तो काढून टाकायच्या यादीत होता. "आता पाच की दहा?" हे प्रत्येक चालीला, आणि मागच्या चालीतले तिरके घर लक्षात ठेवायचे की नाही यावर वेगळा वाद. मग मोजायची पद्धत बदलली, आणि मत उलटे झाले. घरे एकेक मोजायची नाहीत. आडवे अंतर आणि उभे अंतर घ्या. मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा अर्धा मिळवा, अपूर्णांक सोडा. पाच घरे पुढे, तीन बाजूला: पाच अधिक एक, सहा घरे, ३० फूट. तीन सेकंदांत उत्तर. दर चालीला हिशेब नव्याने सुरू. मधे भिंत असेल तर वाटेचे दोन तुकडे करून दोनदा मोजायचे, आणि भिंतीचा कोपरा तिरका कापता येत नाही हा पुस्तकातला नियम तसाच.

मंत्राच्या क्षेत्रालाही हेच सूत्र लावा, नाहीतर घोळ होतो. २० फूट त्रिज्येचा फायरबॉल सरळ मोजणीत ८ बाय ८ चा चौकोन होतो, ६४ घरे. या सूत्राने ४४. चाल एका पद्धतीने आणि मंत्र दुसऱ्या पद्धतीने, असे ठेवले की खेळाडू लगेच तिरक्या दिशेने उभे राहून फायदा काढतात.

अरुंद बोळातला नियम मात्र जसाच्या तसा चांगला आहे, त्यात फक्त टोकनची अडचण सोडवावी लागते. २०१४ च्या नियमाने लार्ज जीव ५ फुटी बोळातून घुसू शकतो: प्रत्येक फुटाला एक फूट जादा, त्याच्या हल्ल्यांना आणि डेक्स्टेरिटी (चपळाईच्या) सेव्हना डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फाशांतला लहान आकडा, त्याच्यावरच्या हल्ल्यांना दोनांतला मोठा, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज. ओगर बोळात चार घरे जातो. बोळात दगडगोटे असतील तर फुटाला तीन फूट, म्हणजे दोनच घरे. पण २ इंचाचे टोकन १ इंचाच्या बोळात ठेवणार कसे? तिरके टेकवले की शेजारच्या भिंती झाकल्या जातात. आम्ही १ बाय २ इंचाची पुठ्ठ्याची पट्टी वापरतो, तिच्या एका टोकाला टिकली. एका घरात अख्खा ओगर मावू दिला तर तीन ओगर तीन घरांत उभे राहतात, ते पटत नाही. आणि बोळाच्या तोंडाबाहेर २ बाय २ जागा मोकळी नसेल तर तो दबलेलाच राहतो, हा आमचा एकच जादा कलम. तोंडाशी एक ढालकरी उभा राहिला की लढाईचे पारडे फिरते. दहाव्या मजल्यावरून मोठे कपाट जिन्याने उतरवताना वळणावर होते तेच इथे होते: अडचण बोळात नसते, बाहेर पडताना असते.

दुसऱ्याच्या घरातून जाण्याबद्दल २०२४ नंतर आमचे तीन हाऊस रूल आपोआप निकाली निघाले. मित्राचे घर आता अवघड जमीन धरत नाहीत, टायनीचेही नाही. शत्रूच्या घरातून जायला दोन आकारांचा फरक लागतो, किंवा तो टायनी अथवा इनकॅपॅसिटेटेड (काहीच करू न शकणारा) हवा. आणि पाळी संपताना कोणाच्या घरात अडकलात तर तुम्ही प्रोन (आडवे पडलेले), टायनी असाल किंवा त्याच्यापेक्षा मोठे असाल तर नाही. ओगरच्या पायांमधून माणसाला जाऊ द्यावे, हा हट्ट ज्यांचा आहे त्यांनी २०१४ च्या डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, पुस्तकातले टंबल (चपळाईने निसटणे) आणि ओव्हररन (जोर लावून पार जाणे) वाचावेत. दोन्ही तिथे तयार आहेत, नवे काही लिहायची गरज नाही.

आता मॅट, कारण या सगळ्याचा पाया तीच. ३६ बाय २४ इंचाची फाइल दिली होती. दुकानात कडेला अर्धा-अर्धा इंच सोडण्यासाठी ती ३५ इंचांत बसवून छापली. घर २५.४ मिलिमीटरऐवजी २४.७ चे आले. दिसायला काहीच नाही, पण २५ मिलिमीटरचे चार बेस ओळीत ठेवले की १०० मिलिमीटर होतात आणि घरे ९८.८ ची. गर्दीच्या लढाईत कोण कुठल्या घरात हे सांगता येत नाही, आणि गार्गँचुअनचा १०० चा बेस चार घरांबाहेर येतो. दुकानदाराने पुन्हा छापून द्यायला नकार दिला, कारण ऑर्डरवर माप लिहिलेले नव्हते. चौरस फुटाच्या दराने सहा फुटांचे पैसे पुन्हा गेले, ते फार नाहीत, पण वाया गेले याची चीड आहे. म्हणून ऑर्डरवरच लिहून घ्या: "मूळ मापात, लहान-मोठे न करता". फाइलमध्ये बरोबर १२ इंचाची एक रेघ काढा आणि पैसे देण्याआधी दुकानातच स्टीलच्या पट्टीने मोजा. कडेची मोकळी जागा फाइलमध्येच धरा. चकचकीत फ्लेक्स घेऊ नका, ट्यूबलाइट त्यात चमकते. मार्कर थेट फ्लेक्सवर लावला की डाग राहतो. वर डायनिंग टेबलवर घालतात ते पारदर्शक प्लास्टिक मीटरवर मिळते, ते घाला आणि ओल्या फडक्याने पुसला जाणारा मार्कर वापरा. मॅटची घडी घातली की पांढऱ्या रेघा पडतात आणि त्या घरांच्या रेघांत मिसळतात. दोन इंची पीव्हीसी पाइपवर, छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. लोकलमध्ये पाइप उभा धरला की कोणाला लागत नाही.

टोकनसाठी पैसे घालवू नका. २०१९ च्या मालिकेतले पाच रुपयांचे नाणे २५ मिलिमीटरचे आहे, मीडियमसाठी अचूक. त्याच मालिकेतले दहाचे २७, ते घराबाहेर येते. कॅरमची सोंगटी तीन सेंटिमीटरहून मोठी, ती एका घरात मावत नाही, आणि स्ट्रायकर ४१ च्या आसपास, तो लार्जला लहान पडतो. लार्ज ५०, ह्यूज ७५, गार्गँचुअन १०० मिलिमीटरचे तुकडे तीन मिलिमीटरच्या एमडीएफमधून कापून घ्यावेत, अब्दुल रहमान स्ट्रीटच्या आसपास क्राफ्टच्या दुकानांत गोल तुकडे तयारही मिळतात. कागदी टोकन पंख्याखाली उडतात. ह्यूजसाठी ७६ चा तुकडा देऊ केला तर घेऊ नका, ७५ चाच मागा. तीन घरे ७६.२ मिलिमीटरची, त्यात ७६ चा तुकडा जेमतेम बसतो.