‘मल्टी-कोटेड’ फिल्टर म्हणून साधी काच गळ्यात मारली

समुद्रावर फोटो काढणाऱ्यांनो, लेन्ससाठी फिल्टर घेण्याआधी हे वाचा. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने नामांकित कंपनीचं नाव छापलेला बनावट यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायची, अतिनील किरण अडवणारी काच, विकला. मल्टी-कोटिंग (काचेवरून परतणारा प्रकाश कमी करणारे पातळ थर), पितळी रिंग, खाऱ्या पाण्याचा थेंब काचेवर ठरणारच नाही, असं सगळं जाहिरातीत होतं. सोबत ‘सागरी हवेसाठी खास’ द्रावणाची बाटली.

सूर्यास्ताचे फोटो काढताना बिंग फुटलं. सूर्य फ्रेममध्ये आला की समोरच्या कोपऱ्यात त्याचा फिकट डाग उमटायचा आणि सगळ्या चित्रावर दुधी पडदा यायचा. फिल्टर काढला की दोन्ही गायब. कोटिंग नसलेली काच प्रत्येक बाजूने सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ८ टक्के. चांगल्या मल्टी-कोटिंगमध्ये हे प्रमाण फारच कमी असतं.

हे घरी तपासता येतं. फिल्टर ट्यूबलाइटखाली तिरका धरा. कोटिंग असेल तर प्रतिबिंब मंद, हिरवट किंवा जांभळट दिसतं. माझ्या फिल्टरमध्ये ट्यूब पांढरीशुभ्र दिसली, तीही दोनदा, एकाला चिकटून दुसरी. पाण्याचा थेंब टाकला तर तो गोळा न होता पसरला. ‘पितळी’ रिंगचा काळा रंग आट्यांजवळ खरवडला गेला होता आणि खाली चंदेरी ॲल्युमिनियम होतं. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमची रिंग लेन्सच्या आट्यात जाम होण्याची भीती जास्त. शिवाय कॅननच्या एल या महागड्या, व्यावसायिक दर्जाच्या मालिकेतल्या काही लेन्सना तर फिल्टर लावल्याशिवाय धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण पूर्ण होत नाही, असं कंपनीच सांगते. अशा ठिकाणी बनावट माल खपवणं म्हणजे दुसऱ्याच्या महागड्या लेन्सशी खेळ आहे.

खरा संताप आला तो बाटलीवरची सूचना वाचून. घटकांची नावं नाहीत, पण ‘किनाऱ्यावरच कोरड्या काचेवर फवारा आणि लगेच घासून पुसा’ हे ठळक अक्षरांत. समुद्राचे तुषार वाळले की काचेवर मिठाचे कण उरतात आणि त्यांत वाळू मिसळलेली असते. वाळूतलं क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतं. ते घासलं की कोटिंगवर ओरखडे उठणारच, आणि ते भरून येत नाहीत. आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) कण उडवा. मग स्वच्छ, शक्यतो डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेलं मायक्रोफायबरचं कापड हलक्या हाताने फिरवा, कारण मीठ पाण्यात विरघळतं, अल्कोहोलमध्ये जवळजवळ नाही. लेन्स क्लीनर त्यानंतर, तोही कापडावर घेऊन. थेट लेन्सवर फवारला तर कडेने आत उतरू शकतो. मी ते द्रावण फक्त फिल्टरवर वापरून पाहिलं, तर वर इंद्रधनुषी तेलकट थर राहिला.

तक्रार केल्यावर विक्रेता आधी म्हणाला, ‘पाकीट फोडलंय, माल परत घेणार नाही.’ मग म्हणाला, ‘तुम्ही समुद्रावर नेलात म्हणून खराब झाला.’ समुद्रासाठी म्हणून विकलेल्या वस्तूबद्दल हे उत्तर! फोटो मागवले, मी प्रतिबिंबाचे पाठवले, त्यानंतर उत्तरच बंद. मूळ कंपनीला पाकिटाचे फोटो पाठवले तेव्हा हा माल आपला नसल्याचं त्यांनी लेखी कळवलं. ते पत्र पुढे केल्यावरच ज्या संकेतस्थळावरून खरेदी केली होती त्यांनी पैसे परत केले. म्हणून पाकीट उघडतानाच व्हिडिओ काढा, ट्यूबलाइटची चाचणी त्याच व्हिडिओत घ्या आणि परतीची मुदत संपण्याआधी कंपनीकडून खातरजमा करून घ्या.