बिझनेस नेटवर्किंग ग्रुपची एक वर्षाची मेंबरशिप, माझा रिव्ह्यू (5 पैकी 3.5)

वर्ष पूर्ण झालं म्हणून सविस्तर लिहितेय. ग्रुपचं नाव टाकत नाही, कारण जे खटकलं तेही सांगायचंय आणि ते कदाचित आमच्या एका शाखेपुरतंच असेल. माझा फोटो फ्रेमिंगचा छोटा व्यवसाय आहे, मी आणि एक मदतनीस, बस. ओळखीतल्या एका अकाउंटंटनी फारच आग्रह केला म्हणून जॉइन झाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी सकाळी मीटिंग असते, प्रत्येकानं उभं राहून एका मिनिटात आपलं काम सांगायचं आणि मग कोणी कोणाला गिऱ्हाईक पाठवलं त्याची नोंद होते. एका धंद्यातला एकच माणूस घेतात, म्हणजे फ्रेमवाली मी आहे तोवर दुसरा फ्रेमवाला येणार नाही. ही पद्धत काही आजची नाही बरं का. 1905 मध्ये शिकागोत रोटरी क्लब सुरू झाला तेव्हा पहिल्या बैठकीला चारच जण होते, वकील पॉल हॅरिस, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण इंजिनिअर आणि एक शिंपीकाम करणारा व्यापारी, आणि आळीपाळीनं एकमेकांच्या जागी भेटायचे म्हणून नाव रोटरी. सुरुवातीला एकमेकांना धंदा मिळवून देणं हाही त्यांचा उघड हेतू होता. पुढे 1907 मध्ये त्यांनी गावासाठी म्हणून जे पहिलं काम हातात घेतलं ते सार्वजनिक स्वच्छतागृहाचं. हे मुद्दाम सांगतेय, कारण माझ्या बाबतीतही आधी धंदा आणि मग गावाचं काम असंच झालं आणि खरा फायदा त्या दुसऱ्या भागात दिसला.

पहिले तीन महिने काहीच नाही. खरंच काहीच नाही. "मी सगळ्या प्रकारच्या फ्रेम करते" हे वाक्य मी दर आठवड्याला म्हणायचे, लोक मान हलवायचे आणि पुढच्या माणसाकडे बघायचे. मग इंटिरिअरचं काम करणारी एक ताई म्हणाली, अगं सगळं सांगू नकोस, एकच गोष्ट सांग आणि हातात काहीतरी घेऊन ये. पुढच्या वेळी मी एक खराब झालेली जुनी फ्रेम नेली, फोटो काचेला चिकटलेला. दमट हवेत फोटो काचेला टेकून राहिला की असा चिकटतो, ओढायला गेलं की वरचा थर काचेवरच राहतो, म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालून फोटो आणि काचेत थोडी फट ठेवायची, एवढंच सांगितलं. मिनिट संपायच्या आत तिघांनी "आमच्या घरी असाच आहे" म्हणून हात वर केले!

पण त्या तिघांकडून आलेलं काम थोडंच. सगळ्यात जास्त गिऱ्हाईक मला कोणी दिलं असेल तर घरसामान हलवण्याचा व्यवसाय करणाऱ्या दादांनी. घर बदलताना काचा फुटतात, कोपरे उकलतात, आणि त्या घरातलं माणूस आधी त्यांनाच विचारतं, हे कुठे नीट करून मिळेल? त्यांनी स्वतः माझ्याकडून आजवर एकही फ्रेम घेतलेली नाही. मीटिंगला जाताना मला वाटायचं की ही खोलीतली माणसं माझी गिऱ्हाईकं, तसं नसतंच, त्यांच्या मागे जी माणसं आहेत ती आपली गिऱ्हाईकं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं 1973 मध्ये यावरच लिहिलंय. त्यानं ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं की ज्यानं सांगितलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा, तर वरचेवर भेटणारे फक्त 16.7 टक्के निघाले, बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. कारण साधं आहे, जवळच्या माणसाला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. तो अभ्यास नोकऱ्यांचा होता, पण माझं ऑर्डरचं रजिस्टरही तेच सांगतं. मी त्यात "कुठून कळलं" असा एक रकाना आखलाय, छोटा व्यवसाय असणाऱ्या प्रत्येकानं तो आखावाच, नाहीतर कशाचा उपयोग झाला ते कळतच नाही.

आता खटकलेलं. आकड्यांचा फार ताण देतात. महिन्याला इतके रेफरन्स द्यायलाच पाहिजेत म्हटल्यावर लोक आकडा भरायला कोणाचाही नंबर लिहून देतात. मी एका नंबरवर फोन केला तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, मी तर फ्रेमबद्दल कोणाशी बोललोच नाही, नंबर कुठून मिळाला? मला इतकं वाईट वाटलं, कारण त्या माणसाच्या मनात आता माझं नाव म्हणजे नको असलेला फोन. आणि आई आजारी होती तेव्हा दोन मीटिंग चुकल्या तर कोणी तब्येत विचारायच्या आधी बदली माणूस का पाठवला नाही हे विचारलं. दीड स्टार कापलाय तो याच दोन गोष्टींसाठी.

ग्रुपनं मिळून प्रदर्शनात स्टॉल घेतला होता तो मात्र छान अनुभव. पहिल्या दिवशी मी कार्ड वाटत होते, दिवसभरात चाळीसेक गेली असतील, त्यातून कोणाचाही फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर पट्टी, माउंट, हुक मांडून तिथेच फ्रेम बांधायला बसले. एक आजोबा आले, तयार फ्रेम उचलली आणि समोरून न बघता सरळ उलटी केली. मागची टेप बोटानं चाचपली, हुक ओढून बघितला, चारही कोपऱ्यांवर अंगठा फिरवला. काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात दुकानात आले ते जवळच्या वाचनालयाचे सेक्रेटरी म्हणून.

वाचनालयाचे जुने ग्रुप फोटो कपाटात पडून होते, मागे वर्तमानपत्र लावलेलं. त्या कागदातलं आम्ल हळूहळू फोटोत उतरतं आणि डाग पडतात. मी मजुरी घेतली नाही, फक्त सामानाचा खर्च घेतला, आणि एका शनिवारी तिथेच बसून लोकांना घरचे फोटो कसे जपायचे ते दाखवलं, उन्हात लावू नका, मागे वर्तमानपत्र नको, चिकटलेला फोटो ओढू नका. विकायला काहीच नेलं नव्हतं. तरी नंतरच्या दोन महिन्यांत रजिस्टरमध्ये "वाचनालय" हा शब्द इतक्या वेळा आला की मदतनीस नुसतं "वा" लिहायला लागला. आणि ही माणसं घासाघीस करत नाहीत, काम बघितलेलं असतं ना.

म्हणून ज्यांना याच महिन्यात ऑर्डर हव्यात त्यांनी हे घेऊ नका, निराश व्हाल. सहा महिने दर आठवड्याची एक सकाळ द्यायची तयारी असेल आणि मीटिंगबाहेर एकेकाला निवांत भेटून त्याचा धंदा समजून घ्यायची आवड असेल तर जरूर घ्या. माणसांत मिसळायला अवघड जातं अशांनी आधी पाहुणे म्हणून दोन मीटिंग बघाव्यात, आमच्याकडे तशी सोय आहे.

मी रिन्यू केलंय. न विचारता कोणाचा नंबर देऊ नये हा नियम करा असं कमिटीला लेखी दिलंय, उत्तराची वाट बघतेय. पुढच्या महिन्यात वाचनालयातले उरलेले अकरा फोटो करायचेत, त्यातला एक भिंतीएवढा मोठा आहे, तो उतरवायला सामानवाले दादा आपली माणसं घेऊन येतायत.