वन-बाय करून घेताय? आधी दाते मोजा

पायडलजवळच्या पुढच्या तीन चेनरिंग (दातेरी चकत्या) काढून एकच ठेवायची, म्हणजे सायकल ‘वन-बाय’ करायची, असं नाशिकमध्ये हल्ली बरेच जण ठरवतात. त्यात गैर काही नाही. चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा पुढचा डिरेलर जातो, हँडलवरचा डावा शिफ्टर जातो, पावसाळ्यात अंजनेरीकडचा चिखल अडकायची एक जागा कमी होते. माझी तक्रार वन-बायबद्दल नाहीच. ज्या दुकानाने ते मला बसवून दिलं त्याच्याबद्दल आहे. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून दुकानाचं नाव इथे लिहीत नाही.

माझी सायकल 29 इंची. पुढे 42-32-22 दात्यांच्या चेनरिंग, मागे आठ गिअरची 11-32 कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच, सगळ्यात लहान चकतीला 11 दाते आणि मोठीला 32. सगळ्यात हलका गिअर पुढे 22, मागे 32. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागलं की 0.69 येतं. हा आकडा जितका लहान, तितका चढ सोपा. नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट मी याच गिअरवर बसल्या बसल्या चढत आलोय.

दुकानदार म्हणाला, “दादा, पुढे 32 आणि मागे 11-51 टाकतो. गडाला वाऱ्यासारखे जाल.” 32 भागिले 51 म्हणजे 0.63, जुन्यापेक्षा हलकं. हिशेब बरोबर होता. काउंटरवर शिमानो कंपनीच्या डिओर सेटचा खोकाही काढून ठेवला, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच लिहिलं, ‘11-51 फायनल’. मग म्हणाला, “पण तुमचं हब याला चालत नाही, त्याचे वेगळे पडतील.”

सगळ्यात चलाख भाग हाच, कारण ते अर्धं खरं आहे. बारा गिअरच्या डिओरची 10-51 कॅसेट जुन्या फ्रीहबवर (चाकाच्या मध्यावरच्या हबचा, कॅसेट बसते तो भाग) बसत नाही, तिला मायक्रो स्प्लाइन नावाचा वेगळा फ्रीहब लागतो. अकरा गिअरची 11-51 मात्र जुन्या आठ-नऊ-दहा गिअरच्या शिमानो फ्रीहबवर सरळ बसते. त्याने बोलणी केली अकराची आणि कारण सांगितलं बाराचं. हबचे पैसे घेतले, हबला हातही लावला नाही.

नवा सेट बसवून निघालो, तर अंजनेरीच्या रस्त्यावर चढ उभा होताच माझं पायडल अडू लागलं. आमच्या ग्रुपमधले एक काका, साठी ओलांडलेले, जुन्या तीन चेनरिंगवाल्या सायकलवर शांतपणे पुढे निघून गेले. मी उतरून ढकलत होतो. उतारावर खड्डा आला की चेन पडायची, ती वेगळीच.

घरी येऊन एका दात्याला खडूने खूण केली आणि मोजलं. पुढे 36. मागे सगळ्यात मोठ्या चकतीला 42.

36 भागिले 42 म्हणजे 0.86. 29 इंची चाक एका फेरीत साधारण 2.3 मीटर जातं. म्हणजे जुन्या हलक्या गिअरला एका पायडलमागे सुमारे 1.6 मीटर, कबूल केलेल्याला 1.4 आणि बसवलेल्याला जवळपास 2 मीटर. मिनिटाला 60 पायडल धरले तर ताशी 5 किलोमीटरने चढता येईल असं सांगून 7 चा गिअर गळ्यात मारला. उभ्या घाटात 7 ने चढत राहायला जी ताकद लागते ती असती तर मी दुकानात गेलोच नसतो.

चेनरिंग नीट पाहिली तेव्हा आणखी कळलं. वन-बायच्या चेनरिंगला एक जाड, एक बारीक असे आलटून-पालटून दाते असतात, त्यात चेन घट्ट बसते. माझ्या चेनरिंगचे सगळे दाते सारखे, आणि आतल्या बाजूला चेन वर उचलणाऱ्या छोट्या पिना. म्हणजे कुणाच्या तरी दोन चेनरिंगच्या क्रँकमधली (पायडलच्या दांड्या आणि चेनरिंगचा जोड) बाहेरची चेनरिंग काढून मला नवी म्हणून दिली! मागच्या डिरेलरला चेन ताणून धरणाऱ्या क्लचचा छोटा खटका असायला हवा, तोही नव्हता. साधा डिरेलर मोठ्या चकतीला पुरावा म्हणून त्याला खाली सरकवणारी जोडपट्टी, हँगर एक्स्टेंडर, ठोकून दिलेली. अस्सल मालाच्या डिरेलरवर आणि कॅसेटवर मॉडेल क्रमांक कोरलेला असतो: अकरा गिअरच्या डिओरसाठी आरडी-एम5100 आणि सीएस-एम5100. पैसे देण्याआधी दुकानातच वाचा. बिलावरही तोच क्रमांक आणि दात्यांची संख्या लिहून मागा. माझ्या बिलावर ‘वन-बाय सेट व फिटिंग, हब काम’ एवढंच आहे, त्यामुळे ते व्हॉट्सअ‍ॅपचं एक वाक्य आता सगळ्यात मोठा पुरावा ठरलंय.

जाब विचारला तर उत्तर आलं, “साहेब, अंजनेरीला सगळ्यांचीच दमछाक होते.” जुना क्रँक परत मागितला, तर तो भंगारात गेला म्हणे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार केल्यावर सूर थोडा नरमला. 32 ची चेनरिंग फुकट लावून देतो म्हणाला. पण 32 भागिले 42 म्हणजे 0.76, जुन्या गिअरपेक्षा जडच, वर हबचे पैसे तसेच बुडालेले. मी नकार दिला आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. सोबत बिल, पैसे पाठवल्याची पावती, चॅट आणि दाते मोजतानाचा व्हिडिओ जोडलाय. सुटे भाग तसेच सायकलवर ठेवलेत, काढले तर तो म्हणेल हे माझे नव्हेतच.