गेजवर दीडशे, आत जैसे थे

जुन्या गाडीचं इंजिन बांधताना 'कॉम्प्रेशन रेशो', म्हणजे सिलेंडरमधलं हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं तो आकडा, 'वाढवून देतो' असं कुणी म्हणालं, तर होकार देण्याआधी हे वाचा. मी 68 हजारांना गंडलोय, आणि तेही समोर उभं राहून, स्वतः गेज वाचून.

वडिलांच्या वेळची पद्मिनी आहे आमच्याकडे. चार सिलेंडर, 1089 सीसी, ब्लॉक बिडाचा, त्यावरचं झाकण म्हणजे हेड अॅल्युमिनियमचं. मुंबईहून परतताना कसारा घाटात ती दुसऱ्या गिअरवर कण्हायची, ऑइल तर पाण्यासारखं प्यायची. वडील गेल्यावर ती विकायचं मन होईना, म्हणून इंजिन पूर्ण बांधून घ्यायचं ठरवलं. 'जुन्या गाड्यांचा माणूस' म्हणून एका मिस्त्रीचं नाव दोघांतिघांनी सुचवलं. नाशिकमधलाच. जिभेवर नुसती साखर.

"साहेब, एवढं उघडतोच आहोत तर रेशो वाढवून घ्या. तुमचा साडेसातच्या आसपास असेल, साडेआठ करून देतो. हेडला 60 थाउ मारतो, बोअर करून 40 ओव्हरसाइज पिस्टन टाकतो. दहा घोडे कुठे गेले नाहीत!"

म्हणजे हेडचं तोंड 60 थाउ, इंचाचे 60 हजारांश, खरवडायचं, आणि सिलेंडर आतून 40 थाउने रुंद करून तेवढे मोठे पिस्टन टाकायचे. मला काय, दहा घोडे म्हटल्यावर कसारा घाटच दिसायला लागला.

तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. इंजिन बसलेलं, टॅपेट कव्हर चकाचक रंगवलेलं. मिस्त्रीने प्लग काढले, कुप्पीने प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडलं. "पिस्टनच्या रिंगा नवीन आहेत, कोरड्या नको फिरायला." मग प्लगच्या भोकाला दाब मोजायचं गेज लावलं, मला सेल्फ मारायला सांगितला. काम सुरू करण्याआधी त्याच गेजवर 105 पाउंड दिसले होते. आता काटा 150 वर. चारही सिलेंडरना. "बघा, वाढला का रेशो?" मी तिथल्या तिथे उरलेले पैसे पाठवले. जुने पिस्टन मागितले, तर म्हणे भंगारात गेले.

गाडी चालू केली तर मागून निळा धूर. "नवीन इंजिन आहे, सुरुवातीला येतोच." चढावर दाबली की टर्रर्र आवाज यायचा. त्यावरही उत्तर तयार: "हाय कॉम्प्रेशनचा आवाज आहे तो." मी तो आवाज मित्रांना कौतुकाने ऐकवत होतो, आता काय सांगू! प्रत्यक्षात त्याने डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगीचं टायमिंग पुढे घेतलं होतं. त्यामुळे पिकअप थोडा चलाख वाटतो आणि इंजिन नॉकिंग करतं, तोच तो टर्रर्र आवाज.

दोन महिन्यांत ऑइल पुन्हा पहिल्यासारखं प्यायला लागली. मग सातपूरला लेथचं छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या टर्नरकडे गेलो. सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांनी हेड उचललं, सिलेंडरच्या वरच्या कडेशी बोट नेलं आणि म्हणाले, "इथं नख फिरव."

नख अडकलं. रिंगा जिथपर्यंत घासतात तिथे वर्षानुवर्षांच्या झिजेने पायरी पडते, ती जशीच्या तशी होती. बोअर केलं असतं तर ती उरलीच नसती. भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे बोअरनंतरच्या घासाईच्या, तिरप्या रेघाही नव्हत्या, आरशासारखी गुळगुळीत. पिस्टनचा माथा रॉकेलच्या फडक्याने पुसला तर खाली स्टँडर्ड साइजचा शिक्का, म्हणजे ओव्हरसाइज नव्हताच. हेडच्या तोंडावर पाण्याच्या भोकांभोवतीची जुने खड्डे तसेच. 60 थाउ म्हणजे दीड मिलिमीटर. तेवढं मिलिंग झालं असतं तर तो पृष्ठभाग कोरा करकरीत दिसला असता.

तात्यांनी मग मोजूनच दाखवलं. काचेसारख्या प्लास्टिकच्या तुकड्याला भोक पाडलं, कडेला ग्रीस लावून तो हेडच्या चेंबरवर चिकटवला आणि सिरिंजने रॉकेल भरत गेले. त्यात गॅस्केटच्या जाडीची आणि पिस्टनच्या वरची जागा धरून बेरीज आली 42 सीसी. बोअर, म्हणजे सिलेंडरची रुंदी, 68 मिलिमीटर, पिस्टनची धाव म्हणजे स्ट्रोक 75, म्हणजे एक सिलेंडर 272 सीसीचा. 272 आणि 42 मिळून 314, भागिले 42. साडेसात. साडेआठ हवा असता तर ती जागा 36 सीसीच्या जवळपास आणावी लागली असती, म्हणजे साधारण 6 सीसी कमी.

इथेच मी फसलो होतो. रेशो म्हणजे निव्वळ माप, जागेला जागेने भागणं. गेज दाखवतं दाब, आणि दाब रिंगांवर, व्हॉल्व्हच्या बसण्यावर, बॅटरी इंजिन किती जोरात फिरवते त्यावरही बदलतो. भोकात ऑइल सोडलं की रिंगांच्या फटी बुजतात आणि काटा चढतो. फिटर लोक हीच युक्ती रिंगा गेल्यात का ते तपासायला वापरतात. वर त्या ऑइलने स्वतःचीही जागा अडवलेली असते. चहाचा चमचा 5 सीसीचा असतो. म्हणजे माझ्या इंजिनाचा रेशो मिस्त्रीने खरोखरच वाढवला होता, ते ऑइल निळ्या धुरातून उडून जाईपर्यंत!

शिवाय साडेसातचा साडेआठ केला तरी कागदावरच्या हिशोबाने कार्यक्षमता जेमतेम 4 टक्के वाढते. चाळिसेक घोड्यांच्या इंजिनात ते दीड घोडा. दहा घोड्यांचा आकडा ऐकतानाच मला हसू यायला हवं होतं.

मिस्त्रीकडे गेलो तर म्हणाला, "साहेब, दीडशे तुम्हीच वाचलंत ना?" बिल म्हणून माझ्याकडे वहीतून फाडलेला एक कागद, त्यावर 'इंजिन काम' एवढंच. नशिबाने पैसे फोनवरून पाठवलेले, त्याच्या नोंदी आहेत, आणि पिस्टनवरच्या शिक्क्याचे फोटो काढून ठेवलेत. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार तयार करतोय. 2 वर्षांच्या आत करावी लागते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.

इंजिन तात्यांनीच बांधलं. रेशो आहे तोच ठेवला, फक्त बोअर केलं आणि पिस्टन खरोखर बदलले. गाडी न्यायला गेलो तेव्हा जुने चारही पिस्टन वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवलेले होते. मी मागितले नव्हते.